बदललेली गोळी आणि बंद घर

२०२४ च्या जानेवारीत आम्ही दोघं मुलाकडे कॅनडाला गेलो, सात महिने राहिलो आणि पोळ्याच्या चार दिवस आधी गावी परतलो. तेव्हापासून आर्वी, पुलगावकडची ओळखीची मंडळी, ज्यांची पोरं बाहेरदेशी आहेत ती, एकच प्रश्न घेऊन येतात: "बाई, तिकडं दवाखान्याचं कसं? अन् इकडं घराचं कसं केलं?" प्रत्येकाला अर्धंच सांगून होतं, म्हणून एकदा सगळं लिहून काढते. मी ३१ वर्षं जिल्हा परिषदेच्या शाळेत शिकवलं. विम्याच्या धंद्याशी माझा संबंध नाही. पण कागद वाचायची सवय आहे, आणि या खेपेला ती सवय कामी आली.

सुरुवात मात्र एका फटक्यानं झाली, तो आधी सांगते. २०२२ च्या मे महिन्यात वादळ आलं. आमच्या मागच्या दोन खोल्यांवरची चौदा टिनं उडाली, त्यातली सहा तर शेजारच्या वावरात जाऊन पडली. मी निश्चिंत होते, कारण घर बांधताना बँकेनं कर्जासोबत घराचा विमा काढला होता. बँकेत गेले तेव्हा कळलं की कर्ज २०१९ मध्ये फिटलं, तिथंच विमाही संपला. कोणी कळवलं नाही, आम्हीही विचारलं नाही. तीन वर्षं आम्ही विमा आहे असं समजून झोपत होतो. टिन, लोखंडी अँगल, मिस्त्रीची मजुरी मिळून त्रेचाळीस हजार घरचे गेले. ज्यांचं गृहकर्ज फिटलं आहे त्यांनी आज उठून आपली विम्याची तारीख पाहावी, हे मी मनापासून सांगते.

आमच्याकडे विमा म्हटलं की पीकविमाच डोळ्यांसमोर येतो. पावती घ्यायची, पंचनाम्याची वाट पाहायची. त्यामुळे "मिळालं तर मिळालं" अशीच भावना. पण घराचा आणि दवाखान्याचा विमा वेगळ्या वाटेनं चालतो. तिथं आपण काय लिहून दिलं आणि काय कळवलं, यावर सगळं असतं.

आधी दवाखान्याचं सांगते.

व्हिसाचं ठरलं तेव्हा शेजारचे भाऊजी म्हणाले, "कायले चिंता करता? फुले योजनेचं कार्ड हाये ना तुमच्यापाशी." महात्मा फुले जन आरोग्य योजना चांगलीच आहे, पण ती इथल्या अंगीकृत रुग्णालयांत चालते, तिकडे नाही. आमची स्वतःची वर्षाला हप्ता भरतो ती आरोग्य पॉलिसीही काढून पाहिली. त्यात सरळ लिहिलं होतं की उपचार भारतात झाला तरच पैसे. काही कंपन्या परदेशातलंही देतात, पण ते वेगळं आणि महाग. तुमच्या पॉलिसीत ती ओळ शोधा, साधारण सुरुवातीच्या व्याख्यांतच असते.

कॅनडात दवाखाना फुकट आहे असं इथं सगळ्यांना वाटतं. तिथल्या रहिवाशांना ते खरं आहे. प्रत्येक प्रांताची आपली योजना असते, ऑन्टारिओची वेगळी, अल्बर्टाची वेगळी. पण फिरायला आलेल्या आई-बापाला त्यात जागा नाही. म्हणूनच सुपर व्हिसाला, म्हणजे तिकडे राहणाऱ्या मुलांकडे आई-बापाला दीर्घकाळ राहता येतं त्या व्हिसाला, विमा सक्तीचा आहे. किमान एक लाख कॅनेडियन डॉलरचा, प्रवेशाच्या तारखेपासून किमान एक वर्षाचा. त्यात उपचार, भरती आणि वेळ पडली तर मायदेशी परत आणण्याचा खर्च, तिन्ही हवं. नुसतं कोटेशन चालत नाही, पैसे भरल्याचा किंवा पहिला हप्ता दिल्याचा पुरावा लागतो. आम्ही काढला तेव्हा तो कॅनडातल्याच कंपनीचा लागायचा. जानेवारी २०२५ पासून बाहेरच्या कंपनीचाही चालतो, पण तिथल्या वित्तीय नियामकानं परवानगी दिलेल्या कंपनीचाच. साध्या व्हिजिटर व्हिसावर विम्याची सक्ती नाही, आणि लोक तिथंच फसतात. सक्ती नाही म्हणजे गरज नाही असं धरून चालतात.

आता गोळीची गोष्ट.

ह्यांना बारा वर्षांपासून ब्लडप्रेशर. ॲम्लोडिपिन ५ मिलिग्रॅमची एक गोळी सकाळी, बाकी काही नाही. २०२३ च्या जुलैमध्ये डवरणीच्या दिवसांत डोकं जड वाटतं म्हणाले, आर्वीला डॉक्टरांकडे नेलं, त्यांनी ५ ची १० केली. चिठ्ठीवर तारीख होती २२ जुलै. आम्हाला त्यात काही विशेष वाटलं नाही. गोळी तीच, फक्त मोठी.

नोव्हेंबरची तिकिटं पाहत होतो. मुलानं तिकडून पॉलिसीचा कागद पाठवला, बेचाळीस पानं. मी तो तालुक्याला जाऊन प्रिंट काढून आणला आणि रोज दुपारी चार-पाच पानं, शब्दकोश जवळ घेऊन, वाचत गेले. एकोणिसाव्या पानावर ती अट सापडली. आधीपासून असलेल्या आजाराचा खर्च मिळेल, पण तो आजार विमा सुरू होण्याआधीचे १८० दिवस "स्थिर" असला पाहिजे. आणि स्थिर म्हणजे काय, तर नवीन त्रास नाही, नवीन निदान नाही, कुठली तपासणी बाकी नाही, आणि औषधात बदल नाही. मात्रा वाढली तरी बदल, आणि कमी झाली तरी बदलच. कमी झाली म्हणजे तब्येत सुधारली असं आपण म्हणतो, पण पॉलिसी तसं म्हणत नाही. मेडिकलवाल्यानं कंपनी बदलून दिली पण मात्रा तीच असेल, तर बहुतेक पॉलिसींत तो बदल धरत नाहीत. हेही आपल्या कागदात पाहून घ्यावं, कारण आमच्याकडे मेडिकलमध्ये जी गोळी असेल ती मिळते.

मी कॅलेंडर काढलं आणि बोटानं दिवस मोजले. २२ जुलैपासून १८० दिवस म्हणजे १८ जानेवारी. नोव्हेंबरमध्ये गेलो असतो तर ह्यांच्या ब्लडप्रेशरशी निगडित कुठलंही बिल आमच्याच डोक्यावर आलं असतं.

घरात बोलणी झाली. मुलगा म्हणाला, "आई, फॉर्मवर बदल नाही असं लिही, कोण पाहतंय?" सूनबाई गरोदर होती, डिसेंबरच्या शेवटची तारीख होती, तिला आम्ही बाळंतपणाला हवे होतो. ते मलाही कळत होतं, आणि आजही त्याचं वाईट वाटतं. पण मी खोटं लिहायला नाही म्हटलं. कमी दिवसांची अट असलेल्याही पॉलिसी असतात, ९० दिवसांच्या. आमच्या वयाला आणि ह्यांच्या आजाराला तेव्हा जी परवडणारी मिळत होती ती १८० चीच होती. शेवटी सूनबाईची आई आधी गेली, आणि आम्ही २७ जानेवारीला नागपूरहून निघालो. नातू तेव्हा एक महिन्याचा होता.

दोघांचा मिळून वर्षाचा हप्ता तीन हजार तीनशे डॉलर पडला, म्हणजे तेव्हाच्या भावानं दोन लाखांच्या वर. तोही एक हजार डॉलरचं डिडक्टिबल घेतलं म्हणून. डिडक्टिबल म्हणजे प्रत्येक क्लेममध्ये पहिले हजार डॉलर आपले, त्याच्या वरचे कंपनीचे. ते जेवढं वाढवाल तेवढा हप्ता उतरतो. आमचा विचार असा होता की सर्दी-खोकल्याचे शंभर-दीडशे डॉलर आपण देऊ शकतो, चाळीस हजारांचं बिल देऊ शकत नाही. विमा त्या दुसऱ्या गोष्टीसाठी. वर्ष पूर्ण व्हायच्या आधी परत आलात आणि क्लेम केलेला नसेल, तर उरलेल्या महिन्यांचे पैसे परत मिळतात, निदान सुपर व्हिसाच्या बहुतेक पॉलिसींत. आम्हाला फक्त माझ्या वाट्याचे मिळाले, ह्यांच्या वाट्याचे नाही, कारण ह्यांचा क्लेम झाला.

तो असा. मार्चचा दुसरा आठवडा, बाहेर बर्फ. रात्री दोनच्या सुमारास हे उठून बसले, म्हणाले, "छातीवर कोणी हात ठेवल्यासारखं वाटते." अंगाला घाम. मुलानं गाडी काढली. मी पर्समधून विम्याचं कार्ड काढलं आणि सूनबाईच्या हातात दिलं. आम्ही वाटेत असतानाच तिनं त्यावरच्या नंबरला फोन लावला. हेही पॉलिसीत होतं: उपचाराआधी, नाही जमलं तर शक्य तितक्या लवकर कळवा, नाहीतर रक्कम कापली जाईल. जीव धोक्यात असताना फोन करत बसू नका, हे वेगळं सांगायला नको. पण घरात उरलेल्या माणसानं तो फोन करायचा, हे आधी ठरवून ठेवा. आमच्याकडे ते सूनबाईकडे होतं.

ऑन्टारिओतल्या किचनर शहराच्या रुग्णालयात ईसीजी, रक्ताच्या दोन तपासण्या, एक रात्र आणि एक दिवस देखरेख. हृदयाचं काही निघालं नाही, देवाची कृपा. बिल चार हजार आठशे डॉलर. मी ते कागद हातात धरून कितीतरी वेळ रुपयांत गुणत बसले होते.

विमा कंपनीनं लगेच नाही म्हटलं नाही, पण हो पण म्हटलं नाही. त्यांनी इकडची कागदं मागितली, प्रवासाच्या आधीच्या सहा महिन्यांची. माझ्याजवळ पीकविम्याच्या पावत्या ठेवायची जी प्लास्टिकची पिशवी असते तशीच एक दवाखान्याची होती. त्यात २२ जुलैची ती चिठ्ठी. डॉक्टरांचं अक्षर, वर कोपऱ्यात वजन ६८, बीपी १६०/९६, खाली "ॲम्लो १०, १-०-०", आणि शाईच्या शिक्क्याखाली तारीख. त्यानंतरच्या दर महिन्याच्या मेडिकलच्या पावत्या, प्रत्येकीवर तीच गोळी, तेवढ्याच मात्रेची. आर्वीच्या डॉक्टरांना मुलानं फोन केला, त्यांनी लेटरहेडवर इंग्रजीत चार ओळी लिहून, शिक्का मारून फोटो पाठवला. अडीच महिन्यांनी तीन हजार आठशे डॉलर आले. हजार मुलानं भरले.

२२ जुलैची ती चिठ्ठी नसती तर आमचा क्लेम अडकला असता. आणि नोव्हेंबरमध्ये जाऊन फॉर्मवर "बदल नाही" लिहिलं असतं, तर त्याच चिठ्ठीनं तो बुडवला असता.

इतर देशांचं थोडक्यात. माझ्या मावसबहिणीची मुलगी जर्मनीत आहे. तिकडच्या शेंगेन व्हिसाला, म्हणजे युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून जो एकच व्हिसा असतो त्याला, किमान तीस हजार युरोचा विमा लागतो, त्याशिवाय व्हिसाच मिळत नाही. अमेरिकेच्या टुरिस्ट व्हिसाला विम्याची सक्ती नाही, आणि बिलं तर तिथंच सर्वांत मोठी. तिथं आणीबाणीत रुग्णालयाला तुम्हाला तपासून स्थिर करावंच लागतं, १९८६ पासून तसा कायदा आहे, पण बिल माफ होत नाही. तिथल्या पाहुण्यांच्या पॉलिसी दोन तऱ्हेच्या असतात. एकीत प्रत्येक गोष्टीला ठरलेली रक्कम, म्हणजे एका दिवसाच्या खाटेचे इतके, डॉक्टरच्या भेटीचे इतके, आणि वरचं सगळं तुमचं. ती स्वस्त दिसते म्हणून लोक घेतात. दुसरीत डिडक्टिबलनंतर बिलाचा मोठा भाग कंपनी देते. पन्नास डॉलर वाचवायला पहिली घेऊ नका, असं मी माझ्या माणसाला सांगेन.

आता इकडचं घर.

टिनं उडाल्यावर मी नवीन विमा काढायला गेले, तेव्हा एजंट भाऊंनी तीस लाखांचा आकडा टाकला. म्हणाले, प्लॉट धरून तेवढी किंमत आहे. मी म्हटलं, भाऊ, जागा जळत नाही, वाहूनही जात नाही. विमा बांधकामाचा. विमा नियामकानं १ एप्रिल २०२१ पासून भारत गृह रक्षा नावाची एक ठरावीक पॉलिसी आणली आहे, घरांचा विमा देणाऱ्या सगळ्या कंपन्यांना ती द्यावी लागते. तिचा हिशेब सरळ आहे: घराचं आतलं क्षेत्रफळ गुणिले आज बांधायला लागणारा दर. आमचं पक्कं घर ७८० चौरस फूट, दर १,६०० धरला, रक्कम झाली बारा लाख अठ्ठेचाळीस हजार. तीस लाखांचा हप्ता कशाला भरायचा? सामानासाठी घराच्या रकमेच्या २० टक्के आपोआप मिळतात, जास्तीत जास्त दहा लाखांपर्यंत. आमचे झाले दोन लाख एकोणपन्नास हजार सहाशे, फ्रिज, टीव्ही, कपाटं, दिवाण यांना पुरेसे.

आग, वीज, वादळ, पूर, भूकंप, पाण्याची टाकी फुटणं हे सगळं त्यात आहे. वीज तर आमच्याकडे दर वर्षी कुठंतरी पडतेच. आणखी एक चांगली गोष्ट अशी की जुन्या पॉलिसींत घराची किंमत बारा लाख आणि विमा सहाचा असेल, तर लाखाच्या नुकसानीला पन्नास हजारच मिळायचे. या पॉलिसीत तशी कापाकापी नाही. म्हणून कमी दाखवा असं मी म्हणत नाही, कारण घर पूर्ण गेलं तर विम्याच्या रकमेपेक्षा एक रुपयाही जास्त मिळत नाही. पॉलिसी दहा वर्षांपर्यंतची घेता येते. दीर्घ मुदतीची घेतली की दर वर्षी रक्कम १० टक्क्यांनी आपोआप वाढते आणि हप्त्यात सवलतही मिळते. आम्ही तीन वर्षांची घेतली.

पण चोरी? ही गोष्ट नीट समजून घ्या. या पॉलिसीत चोरी धरली आहे ती फक्त आग-पुरासारखी घटना घडल्यावर सात दिवसांच्या आत झालेली. कुलूप तोडून कोणी सामान नेलं तर त्यासाठी घरफोडीचा विमा वेगळा. सात महिने घर बंद ठेवायचं होतं, म्हणून आम्ही तो घेतला. दोन्ही मिळून तीन वर्षांचे चार हजारांच्या आत बसले. दागिने आर्वीच्या लॉकरमध्ये ठेवले. तेही अमर्याद सुरक्षित नाहीत. लॉकर फुटला किंवा बँकेत आग लागली तर रिझर्व्ह बँकेच्या नियमानं बँकेची जबाबदारी वर्षाच्या भाड्याच्या शंभर पट एवढीच.

आणि इथंही एक अट होती, गोळीच्या अटीसारखीच. घर सलग तीस दिवसांपेक्षा जास्त बंद राहणार असेल तर कंपनीला आधी लेखी कळवा. अशी अट पुष्कळ पॉलिसींत असते आणि कोणी सांगत नाही. मी अर्ज लिहिला: अमुक तारखेपासून परदेशी जात आहोत, घराची किल्ली अमुकाकडे, आमच्याकडे काम करणारा माणूस रात्री ओसरीत झोपेल. त्याची दुसरी प्रत नेली आणि तिच्यावर "मिळाले" असा शिक्का, सही, तारीख घेतली. कंपनीनं पुढं पत्र देऊन मान्य केलं. ते पत्र त्याच प्लास्टिकच्या पिशवीत गेलं.

मुलाच्या घराचा विमा पाहिला तेव्हा तिथंही बंद घरच. हिवाळ्यात काही दिवस घर रिकामं ठेवलं आणि नळ गोठून फुटले, तर कोणी रोज येऊन पाहिल्याचं किंवा पाणी बंद करून पाइप रिकामे केल्याचं दाखवावं लागतं. त्यानं गाडीचा आणि घराचा विमा एकाच कंपनीत नेऊन हप्ता कमी केला होता. पण गटाराचं पाणी तळघरात उलटं आलं तर त्याचं संरक्षण जास्तीचे पैसे भरून घ्यावं लागतं, ते त्यानं घेतलं नव्हतं. तळघरात तर त्याचं ऑफिस. मी म्हटलं, इथं नको वाचवू.

सर्वांत जास्त जीव अडकला होता तो कापसात. जायच्या आधी पुढच्या खोलीत अठरा क्विंटल कापूस रचून होता, छताला लागला होता. भाव वाढेल म्हणून ह्यांनी थांबवला होता. त्या साली लांब धाग्याचा हमीभाव ७,०२० होता आणि गावात व्यापारी त्याच्याही खाली मागत होते. मी एजंटला विचारलं, कापूस सामानात धरता का? तो म्हणाला, नाही काकू, तो विक्रीचा माल, घरसामान नाही. आणि आग लागली तर घराच्या क्लेमलाही अडचण येऊ शकते, घरात काय साठवलं होतं ते विचारतील. कापसाला ठिणगी पुरते, हे आम्हाला कोणी शिकवायला नको. विजेचा बोर्ड त्याच खोलीत, त्यातली एक तार काळी पडलेली मी पाहिली होती. हे दोन दिवस बोलले नाहीत माझ्याशी, पण १५ जानेवारीला कापूस गाडीत भरला. सहा हजार सातशेनं गेला. खोली झाडून घेतली आणि बोर्ड बदलला.

शेत मक्त्यानं दिलं होतं, त्यामुळे तिकडची चिंता नव्हती. मेमध्ये पुन्हा वादळ झालं असं गड्यानं फोनवर सांगितलं. घराला काही झालं नाही. गुरांच्या कोठ्यावरची पाच टिनं मात्र गेली. कोठा पॉलिसीत लिहिलाच नव्हता. माझ्याकडून राहून गेलं, मी फक्त राहतं घर मोजलं होतं. नऊ हजार लागले.

पॉलिसीची मुदत आता संपत आली आहे. गुरुवारी एजंट टेप घेऊन येणार आहे, कोठ्याचं आणि मागच्या नवीन न्हाणीचं माप घ्यायला.